कागदावरचा टॉवर पंढरपूरला गेला

आमच्या सामुदायिक रेडिओचा, म्हणजे गावच्या लोकांनीच आपल्या भागापुरत्या चालवायच्या केंद्राचा, टॉवर पहिल्यांदा उभा राहिला तो भीमेच्या काठाला, पंढरपूरच्याही पुढे, कुणाच्या तरी उसात. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तो तेव्हा कुठंच नव्हता. संस्थेच्या मागं बोअरशेजारी तात्यांनी चुन्यानं एक चौकोन आखून ठेवला होता, तेवढाच काय तो टॉवर. पण दिल्लीला गेलेल्या अर्जात मी जागेचे अक्षांश-रेखांश असे काही भरले होते, की टॉवर गावापासून सरळ रेषेत ३६ किलोमीटरवर जाऊन बसला. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "आपल्याआधी वारीला गेला म्हणायचा."

तेव्हा हसलो. पण ही चूक नेमकी कशी झाली ते पुढं सांगते, कारण ती माझी होती आणि मला अजून तोंडपाठ आहे.

आमचं गाव माणदेशाच्या पूर्व अंगाला. डाळिंब, मेंढरं आणि उन्हाळ्यात टँकर. बचत गटांच्या बायकांनी मिळून केलेली आमची संस्था आहे, अक्का तिच्या अध्यक्ष. मी हिशेब आणि कागद बघते. रेडिओचं खूळ शिरलं ते २०१३ साली. दुष्काळ होता, जनावरं छावणीत होती आणि छावणीची कामं कशी चालतात ते बघायला आम्ही म्हसवडला गेलो होतो. तिथं माणदेशी फाउंडेशनचा रेडिओ आहे, माणदेशी तरंग, ९०.४ वर. एका झाडाखाली एक म्हातारी रेडिओ कानाला लावून बसली होती आणि रेडिओवर तिच्याच गावची बाई ओव्या म्हणत होती. अक्का तिथंच उकिडव्या बसल्या, गाणं संपेपर्यंत उठल्या नाहीत. परतीच्या जीपमध्ये म्हणाल्या, "आपल्याला काय लागतंय याला?"

काय लागतं ते कळायलाच आम्हाला वर्ष लागलं.

गावात पहिला प्रश्न आला तो, "हवेला परवानगी कशाला?" प्रश्न वेडा नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची एकट्याची मक्तेदारी असू शकत नाही. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपले मराठीच. पण लहरी लोकांच्या झाल्या तरी त्या वाटून देणारा कुणीतरी लागतो, नाहीतर एकावर एक आवाज चढतील. म्हणून परवाना. २००२च्या अखेरीला सरकारनं आधी कॉलेज-विद्यापीठांना दार उघडलं, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ला सुरू झालं. आमच्यासारख्या संस्थांना अर्ज करता येऊ लागला तो नोव्हेंबर २००६च्या धोरणानंतर. त्याआधी कर्नाटकात बुदिकोट्याच्या लोकांनी केबलच्या तारेतून रेडिओ चालवला, आणि बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरच्या एका दुरुस्तीवाल्या पोरानं ५० रुपयांच्या सामानातून केंद्र उभं केलं, ते परवाना नाही म्हणून बंद झालं. संस्थेनं चालवलेलं पहिलं रीतसर केंद्र २००८ साली, आता तेलंगणात असलेल्या, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावात सुरू झालं, दलित बायकांनी चालवलेलं. ही माचनूरची गोष्ट मी अक्कांना सांगितली आणि तिथून माघार घ्यायचा रस्ता बंद झाला.

पहिली ठेच लागली ती सल्लागाराची. पुण्याहून एक गृहस्थ आले, लॅपटॉप घेऊन, गोड बोलून. "फाइल माझ्यावर सोडा." ४०,००० रुपये दोन हप्त्यांत दिले. सहा महिने त्यांचा फोन लागत होता, मग लागेनासा झाला. नंतर कळलं की अर्ज केलाच नव्हता. अर्जाची सरकारी फी किती होती सांगू? २,५०० रुपये. डिमांड ड्राफ्ट. हे पैसे बचत गटातल्या बायकांचे होते, त्यामुळे तो आकडा अजूनही वार्षिक सभेत कुणी ना कुणी काढतंच. मला वाटतं, एखादी पद्धत किती अवघड आहे ते मोजायचं तर तिच्याभोवती किती सल्लागार जमलेत ते बघावं.

मग ठरवलं, आपणच करायचं.

अर्ज तसा फार लांब नाही. अवघड असतात त्याच्या पाठीमागं जोडायचे कागद. संस्था तीन वर्षं नोंदणीकृत हवी, त्या भागात काम केल्याचा पुरावा हवा, तीन वर्षांचे ताळेबंद, तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, घटना, कार्यकारिणीची यादी. यादी म्हटल्यावर ज्यांनी महाराष्ट्रात संस्था चालवली आहे त्यांच्या पोटात गोळा आला असेल. चेंज रिपोर्ट! आमची कार्यकारिणी बदलून चार वर्षं झाली होती आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेला चेंज रिपोर्ट अजून मंजूर व्हायचा होता. म्हणजे कायद्याच्या लेखी आमच्या खजिनदार अजूनही त्याच बाई होत्या ज्या वारून दोन वर्षं झाली होती. वकिलाकडे खेपा, सोलापूरला खेपा, तारखा. त्यात पॅन कार्डावर संस्थेच्या नावात "विकास" एका स्पेलिंगचा आणि नोंदणी प्रमाणपत्राच्या इंग्रजी भाषांतरात दुसऱ्या स्पेलिंगचा. मराठीत दोन्ही "विकास"च. पण अर्ज इंग्रजीत होता आणि इंग्रजीत आमच्या दोन संस्था झाल्या होत्या.

जून २०१६ला फाइल टपालात टाकली. पोस्टमास्तरांनी वजन केलं, एक किलो ३०० ग्रॅम. गावात सगळ्यांना वाटलं मुंबईला गेली, कारण आपल्याकडे मंत्रालय म्हटलं की मुंबई. दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला, असं सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "मग काय, आता दिवाळी."

दिवाळी झाली, दुसरी झाली.

इथं नियमांबद्दल एक गोष्ट सांगते, कारण मी ती पत्रकं इतक्यांदा वाचली आहेत की घड्या पडलेल्या जागी अक्षरं गेली. अर्ज आला की तो गृह खात्याकडे, संरक्षण खात्याकडे वगैरे जातो. त्यांनी तीन महिन्यांत कळवावं असं धोरणात लिहिलेलं होतं. नाही कळवलं तर? तर प्रकरण सचिवांच्या समितीपुढं जाईल. बरं. आणि अर्जदारानं? इरादापत्र, म्हणजे परवानगी द्यायचा इरादा आहे असं सरकारचं पत्र, मिळाल्यापासून एका महिन्यात वारंवारितेसाठी, म्हणजे फ्रिक्वेन्सीसाठी, अर्ज करायचा, सगळ्या परवानग्या मिळाल्यावर तीन महिन्यांत केंद्र उभं करायचं. नाही केलं तर इरादापत्र जाऊ शकतं. म्हणजे मुदत दोघांनाही होती. त्यांची उलटली तर समिती बसणार, आमची उलटली तर आम्हीच उठणार. आणि त्यांची उलटली आहे की नाही हे आम्हाला गावात बसून कळायची सोय नव्हती. फोन लावला की पलीकडून "अंडर प्रोसेस". हा शब्द अक्कांना इतका पाठ झाला की चुलीवर भाकरी करपली तरी त्या "अंडर प्रोसेस" म्हणायच्या.

आम्ही मात्र उतावीळपणा केला होता. फाइल गेली त्याच महिन्यात गावातल्या आणि वाड्यांवरच्या पाच पोरी निवडल्या, बारावी झालेल्या, आणि रेकॉर्डिंग शिकवायला घेतलं. एक छोटा रेकॉर्डर, एक जुना संगणक. खोलीच्या भिंतींना आतून गोधड्या लावल्या, कारण स्टुडिओचा फोम परवडत नव्हता. गोधडी आवाज फार छान पिते. पोरींनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, धनगरांकडून गजी नाचाची गाणी, डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल शेतकऱ्यांच्या मुलाखती. एका वर्षात ६० तासांच्या वर ध्वनिमुद्रण झालं. ऐकवायचं कुठं? आठवडी बाजारात, शनिवारी, लाउडस्पीकरवर. तिथंही हवालदार आला, "स्पीकरची परवानगी आहे का?" त्याला चहा पाजला, आणि त्याच्या आईची ओवी आमच्याकडे रेकॉर्ड केलेली होती ती लावली. तो गप उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, आवाज जरा कमी ठेवा.

२०१७ साली निवड समितीपुढं बोलावणं आलं. अक्का आणि मी, दोघींनी पहिल्यांदाच दिल्ली बघितली. पास काढायच्या खिडकीपाशी दीड तास उभं राहिलो, कारण आतल्या माणसाचा इंटरकॉम लागत नव्हता आणि तो लागल्याशिवाय पास मिळत नाही. आत गेल्यावर मात्र माणसं चांगली वागली, हे सांगायलाच हवं. एका बाईंनी विचारलं, आप लोग न्यूज़ तो नहीं चलाएँगे? तेव्हा मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "न्यूज हमको कायको मंगताय? पर टँकर कब आयेगा वो तो बताना पडेगा ना?" सगळे हसले. कुणीतरी लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते देव जाणे.

इरादापत्र आलं ऑक्टोबर २०१८ला. त्या वर्षी पाऊस नव्हता, छावण्यांची बोलणी परत सुरू झाली होती. महिन्याच्या आत वारंवारिता आणि जागेची मंजुरी यांचा अर्ज करायचा होता. यातल्या जागेच्या मंजुरीला सगळे "सॅकफा" म्हणतात. तुमचा टॉवर विमानांच्या वाटेत येतो का, लष्कराच्या एखाद्या यंत्रणेला त्रास देतो का, हे त्यात बघतात. त्यासाठी टॉवरची उंची, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची ("समुद्र कुठं, आपण कुठं," इति अक्का) आणि अक्षांश-रेखांश.

आता ती चूक. मी मोबाइलवर नकाशा उघडला, चुन्याच्या चौकोनात उभी राहिले आणि आकडा टिपला: १७.४२३१. अर्जात तीन रकाने होते, अंश, मिनिटं, सेकंद. मला वाटलं, वा, किती नेमका आकडा मिळाला. पहिल्या रकान्यात १७, दुसऱ्यात ४२, तिसऱ्यात ३१. रेखांशाचंही तसंच. कुठंही अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं. आकड्यात ६५ किंवा ८० असं काही आलं असतं तर शंका आली असती, कारण मिनिटं साठाच्या वर जात नाहीत. पण माझे आकडे कसे शिस्तीत बसले होते.

साडेचार महिन्यांनी पत्र आलं: दिलेला पत्ता आणि दिलेली जागा जुळत नाहीत. आम्हाला वाटलं गट नंबर चुकला. तलाठ्याकडे गेलो, सातबारा काढला, ग्रामपंचायतीचा ठराव परत आणला. शेवटी सोलापूरचे एक काका, रेडिओच्या इंजिनिअरिंगमधून निवृत्त झालेले, त्यांना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कॅल्क्युलेटर मागितला. "पोरी, दशांशाला साठानं गुणायचं असतं." शून्य पूर्णांक ४२३१ गुणिले ६०, म्हणजे २५ मिनिटं आणि वर थोडं. उरलेल्या दशांशाला परत साठानं गुणलं, २३ सेकंद. म्हणजे १७ अंश २५ मिनिटं २३ सेकंद. मी लिहिलं होतं १७, ४२, ३१. त्यांनी पेन्सिलनं भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर एक फुली मारली आमच्या गावावर आणि दुसरी पंढरपूरच्या पुढं. दोन्ही जोडणारी रेघ ओढली. मला रडू यायला लागलं होतं. काका म्हणाले, "रडू नकोस, ही चूक करणारी तू पहिली नाहीस." ते खरं की समजूत, माहीत नाही.

दुरुस्ती कळवली. पण दुरुस्ती म्हणजे खोडून नीट लिहिणं नव्हे. जागा बदलली की बाकीच्या खात्यांची तपासणी नव्यानं. परत रांगेच्या शेवटी.

२०१९चा तो उन्हाळा आठवतो. छावणीत हजारो जनावरं. डॉक्टर कधी येणार, चारा कधी वाटणार, पेंड कुठल्या रांगेत, हे सांगायला आमच्याकडे आवाज होता, पोरी होत्या, रेकॉर्डिंग होतं, दिल्लीच्या शिक्क्याचं इरादापत्र होतं. नव्हती ती फक्त लहर. आम्ही टेम्पोवर भोंगा बांधून छावणीत फिरलो. तो टेम्पो चालवता चालवता तात्या एकदा म्हणाले, "ह्यो बी रेडिओच की. फिरता." त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हटलं.

सॅकफा फेब्रुवारी २०२०ला आली आणि मार्चमध्ये देश बंद झाला. त्याबद्दल कुणाला दोष देणार? पण छातीवर हात ठेवून सांगते, चूक नसती झाली तर आम्ही लॉकडाउनच्या आधी सुरू झालो असतो. कोरोनात गावोगाव अफवा पसरत होत्या तेव्हा बायकांना ओळखीचा आवाज हवा होता, आणि आम्ही व्हॉट्सअपवर क्लिप पाठवत बसलो होतो.

त्यानंतरचा भाग तुलनेनं सरळ गेला. २५,००० रुपयांची बँक गॅरंटी (बँकेच्या मॅनेजरना ही भानगड काय ते समजावण्यात दोन दिवस), मग करार. या करारनाम्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार "गोपा" होतो. गावात तोच शब्द रुजला. "गोपाची सही झाली का?" असं पारावर विचारायचे, जणू एखादा गवळी दिल्लीत अडकून पडलाय.

टॉवर ३० मीटरचा, नियमात बसणारा जास्तीत जास्त. ताण द्यायच्या तारा, वर वीजरोधक, खाली अर्थिंगचा खड्डा. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचा म्हटल्यावर दोन म्हाताऱ्या कुंकू घेऊन आल्या, भूमिपूजनच झालं ते. गावातल्या काहींनी विरोधही केला. मोबाइलच्या टॉवरनं चिमण्या मेल्या, आता हा. त्यांना बसवून सांगितलं, की आपल्या टॉवरातून निघणारी ताकद जास्तीत जास्त १०० वॉटची. देवळात पूर्वी जो पिवळा बल्ब होता तो १००चाच होता. पटलं. विज्ञानाचं गणित किती बरोबर ते इंजिनिअरांनी सांगावं, पण ग्रामसभा शांत झाली.

शेवटचा कागद म्हणजे यंत्र चालवायचा बिनतारी परवाना. तो आला आणि २०२१च्या घटस्थापनेला आम्ही हवेत गेलो.

पहिल्या दिवशी उद्‌घाटनापेक्षा मजा आली ती तात्यांची. सकाळी सातला ते मोटरसायकलवर निघाले, एका कानात इयरफोन, खिशात साधा बटणांचा फोन. स्टुडिओतून एक पोरगी ओव्या लावून मध्ये मध्ये बोलत होती आणि तात्या दर दोन किलोमीटरला थांबून दुसऱ्या फोनवरून सांगत होते. "चौकी, स्पष्ट." "ओढा, स्पष्ट." "कॅनॉल, जरा खरखर." "डोंगराच्या अलीकडं, चांगलं." मग बराच वेळ फोनच नाही. शेवटी आला. "डोंगराच्या पल्याड कायबी न्हाई. गेलं." त्या पल्याड दोन वाड्या आहेत, ४०-५० घरं, सगळी मेंढपाळांची. ज्यांची गाणी आम्ही सगळ्यात जास्त गोळा केली ती त्यांचीच. आजही तिथं आमचं केंद्र लागत नाही. सपाट मुलखात १० किलोमीटरपर्यंत जातो आवाज, डोंगर आला की संपलं. विशेष परिस्थितीत २५० वॉटपर्यंत परवानगी मिळू शकते असं नियमात आहे. त्याची फाइल अजून मी उघडलेली नाही. धाडस होत नाही.

आणि ज्या पोरीनं त्या सकाळी माईक धरला ती त्या पाचांतली एकटीच उरलेली. २०१६ला घेतल्या तेव्हा १८-१९ वर्षांच्या होत्या. दोघींची लग्नं होऊन एक अकलूजकडे, एक कर्नाटकात गेली. एक पोलीस भरतीत निघाली, तिचा अभिमानच आहे. एक दवाखान्यात लागली. शिकवायला पुन्हा नव्या पोरी घेतल्या. पण जुन्या चौघींचे आवाज संगणकात होते, ते आम्ही लावतो. अकलूजची पोरगी माहेरपणाला आली की चुलीपाशी बसून स्वतःचाच कित्येक वर्षांपूर्वीचा आवाज ऐकते. हे सांगायचं कारण, दिल्लीत कुठल्याही टेबलावर एक वर्ष म्हणजे एक वर्ष असतं. खेड्यातल्या १९ वर्षांच्या पोरीचं एक वर्ष तसं नसतं.

केंद्र चालवण्यातल्या अडचणी हा वेगळा विषय, त्यात फार शिरत नाही. एवढंच की बातम्यांची रेघ रोज आडवी येते. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वीज-पाण्याच्या सूचना, प्रवेश आणि नोकरीची माहिती हेही चालतं. म्हणजे टेंभू सिंचन योजनेचं पाणी उद्या सुटणार हे आम्ही सांगतो. ते सुटलं का नाही, असं विचारलं की ती बातमी होते. मग पोरी काय करतात, पाण्याची वेळ सांगून झाली की लगेच एक ओवी लावतात, पाण्याचीच, पाटाच्या वाटेकडे बघत बसलेल्या बाईची. ऐकणाऱ्याला कळतं. प्रसारणाचं सगळं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. उद्या कुणी तपासलं तर ओवीवर आक्षेप कसा घेणार ते बघायची मला उत्सुकता आहे.

पैशाचं तर विचारूच नका. आमच्याआधीच्या केंद्रांनी फार सोसलंय. २०१२ साली वर्षाचं स्पेक्ट्रम शुल्क १९,७०० वरून एकदम ९१,००० करायचा बेत झाला होता, देशभरातल्या केंद्रांनी आरडाओरडा केल्यावर तो मागं घेतला. म्हसवडच्या बायका तो प्रसंग सांगतात तेव्हा अजून आवाज चढतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये नियम पुन्हा बदलले. कराराची पहिली मुदत १० वर्षांची झाली. इरादापत्राला एक वर्षाची मुदत आणि वर तीन महिने सवलतीचे. तासाला ७ मिनिटं जाहिराती चालायच्या त्या १२ झाल्या, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४. केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या बायका हव्यात. हे वाचून दाखवल्यावर अक्का खो खो हसल्या. "निम्म्या? आता पुरुष कुठनं आणायचे आपण?" मुदतीचे बदल मला मनापासून आवडले, त्यांनीच खरा फरक पडेल. जाहिरातीच्या १२ मिनिटांचं मात्र आम्हाला काय करायचं? ठिबकच्या पाइपवाला महिन्याला ५०० देतो, एक किराणावाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचे १०० देतो. तासाला दोन मिनिटं भरली तरी आम्ही पेढे वाटू.

अर्जही आता टपालानं नाही, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर जातो. ते मी स्वतः पाहिलं, कारण गेल्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बचत गटाची मुलगी अर्ज भरायला माझ्याकडे आली. बी.एस्सी. झालेली, चुणचुणीत. एका दुपारी आम्ही दोघी बसलो. फाइल कुठवर आली ते बघता येतं म्हटल्यावर मला तो "अंडर प्रोसेस" आठवला आणि उगाचच त्या मुलीचा हेवा वाटला. प्रश्न इंग्रजीत होते, ते मी मराठीत सांगत गेले आणि ती भराभर टाइप करत गेली. कागद तिच्याकडे नीट होते. चेंज रिपोर्ट? मंजूर. पॅनवरचं नाव? तेच.

टॉवरच्या जागेचा विषय निघाला तेव्हा तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. मोबाइलवरून टिपलेला आकडा, दशांशात. तिनं वहीत लिहायला घेतलं, अंश, मिनिटं... मी तिचा हात धरला आणि ड्रॉवरमधून कॅल्क्युलेटर काढला. सोलापूरच्या काकांनी शिकवलं होतं तसं तिला शिकवलं. तिनं दोनदा करून बघितलं, मग नकाशावर उलट तपासलं. बरोबर तिच्या गावात.

निघताना दारात चप्पल घालताना तिनं विचारलं, "ताई, पोरींना शिकवायला कधीपासून घेऊ?"

मी म्हटलं, "इरादापत्र येऊ दे आधी."

ती जरा ओशाळली. "पण त्या तर सोमवारपासून यायला लागल्यात."